बास्केटबॉलमधल्या नवीन सेंटरसाठी डिफेन्स : उंची, वजन आणि ताकद नेमकी कुठे लागते

रिंगच्या बरोबर खाली उभे राहा, तोंड मधल्या रेषेकडे करून. दोन ढांगा पुढे या आणि तिथे खडूने एक आडवी रेघ मारा. सेंटर म्हणजे रिंगजवळ खेळणारा, सहसा संघातला सगळ्यात उंच खेळाडू. त्याच्या डिफेन्सचं निम्म्याहून जास्त काम या रेघेवर चालतं. समोरच्या सेंटरला रेघेच्या आत बॉल मिळाला तर त्याला फक्त वळायचं आणि बोर्डाला लावून टाकायचं असतं. मग तुम्ही कितीही उंच असा, बहुतेक वेळा उशीर झालेलाच असतो. तोच बॉल त्याला रेघेच्या बाहेर एका ढांगेवर मिळाला तर एखादा ड्रिबल घ्यावा लागतो, लांबून हुक (एका हाताने डोक्यावरून वळवून मारलेला शॉट) मारावा लागतो, नाहीतर निमूट पास परत द्यावा लागतो. ही एक ढांग तुम्ही अंगाने कमवायची असते. हात त्यानंतर येतात.

आमच्याकडे कोल्हापुरात दर मे महिन्यात एक तरी बाप गाडीवर पोराला मागे बसवून आणतो. पोराचे गुडघे हँडलपर्यंत आलेले. “सर, ह्याला सेंटरला घ्या. आमच्या भावकीत एवढं उंच कोण न्हाई.” दोन वर्षांपूर्वी असाच एक आला, ६ फूट ३ इंच, वजन ६४ किलो. त्याच्यासमोर मी ५ फूट १० इंचाचा, ८२ किलोचा एक पोरगा उभा केला. हा पहाटे तालमीत आणि संध्याकाळी आमच्या ग्राउंडवर असायचा. त्याने पाठ लावली आणि तीन धक्क्यांत उंच पोराला बोर्डाच्या मागे, पार एंडलाइनवर (कोर्टाच्या शेवटच्या रेषेवर) नेऊन ठेवलं. बॉल आला, रिंगजवळून अलगद टाकलेला साधा लेअप. उंच पोराचे दोन्ही हात नियमाप्रमाणे वर होते, फक्त ते बोर्डाच्या मागे होते. सिमेंटवर त्याच्या बुटांचे दोन काळे ओरखडे तेवढे राहिले. तालमीतला म्हणाला, “सर, ह्यो नुसता उभा ऱ्हायलाय की. खडाखडीत असं उभं ऱ्हायलं तर वस्ताद पाठीत घालत्यात.”

हा लेख त्या दोघांसाठीही आहे, कारण नंतर त्या तालमीतल्या पोराचीही अडचण झाली. ती पुढे येईल.

रेघ आली कुठून

उंचीचा फायदा खरा आहे, यात वाद नको. जॉर्ज मायकन हा ६ फूट १० इंचांचा सेंटर रिंगजवळ इतका भारी पडायला लागला की एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, १९५१ मध्ये पेंटची (रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याची) रुंदी ६ फुटांवरून १२ फूट केली. मग ७ फूट १ इंचाचा विल्ट चेंबरलेन आला आणि १९६४ मध्ये ती १६ फूट झाली. फिबाचा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचा, आजचा पेंट ४.९ मीटर रुंद आहे, म्हणजे जवळपास तेवढाच. रुंदी वाढवून साधलं काय? अटॅकच्या खेळाडूला पेंटमध्ये सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, त्यामुळे सेंटरला उभं राहायची जागा रिंगपासून लांब गेली. नियमवाल्यांनी जे रंगाच्या पट्ट्याने केलं, तेच तुम्हाला मांड्यांनी करायचं आहे.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरांना लगेच पटेल. मॅटवरच्या कुस्तीत वजनगट असतात. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं तेही एका ठरावीक वजनगटात. बास्केटबॉलमध्ये असा गट नाही. ६४ किलोच्या पोरासमोर ९५ किलोचा आला तर पंच जोडी बदलून देत नाही. जोड तुमची तुम्हीच लावून घ्यायची, म्हणजे कुठे उभं राहायचं आणि कशाने लढायचं हे ठरवायचं.

पहिलं काम : माप घ्या

उंची सगळेच मोजतात. तुम्ही पोहोच मोजा. भिंतीला कूस लावून उभे राहा, टाचा टेकलेल्या, भिंतीकडचा हात सरळ वर, मधल्या बोटाला खडू. खूण झाली की जमिनीपासून अंतर घ्या. रिंग ३.०५ मीटरवर, म्हणजे १० फुटांवर आहे. तुमची खूण ८ फुटांवर असेल तर मधले २ फूट उडीने भरायचे आहेत. सारख्या उंचीच्या दोन पोरांच्या खुणांत तीन-चार इंचांचा फरक मी सहज पाहिलाय. एकाचे हात लांब, दुसऱ्याची मान लांब. डोक्याने कुणी ब्लॉक करत नाही (म्हणजे शॉट हवेत अडवत नाही), त्यामुळे मान लांब असलेल्याने उंचीच्या आकड्यावर फार खूश होऊ नये.

मग वजन. नुसता आकडा नको, वजन अंगात कुठे आहे तेही बघा. पोटावरचे पाच किलो रेटारेटीत थोडेफार उपयोगी पडतात, पण धावताना तेच गुडघ्यांना मारतात. मांड्या आणि ढुंगणातले पाच किलो दोन्हीकडे कामाला येतात.

तिसरं माप पायांचं. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखे गुडघे काटकोनात वाकवून किती वेळ राहता येतं ते घड्याळ लावून बघा. नवीन पोरं अर्ध्या मिनिटात थरथरायला लागतात. दीड मिनिट सहज निघेपर्यंत पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ पाठ लावून रेटारेटी चालते तिथे, उभं राहण्याच्या गप्पा मारू नयेत, असं माझं मत आहे.

दुसरं काम : उभं राहायला शिका

हे कंटाळवाणं आहे आणि याच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आहे.

पाय खांद्यांपेक्षा वीतभर जास्त रुंद. दोन्ही पाय एकाच रेषेत ठेवू नका, एक पाय अर्धं पाऊल पुढे घ्या. कारण साधं आहे. समोरचा तुम्हाला मागे रेटतोय, आडवा नाही. दोन्ही टाचा एका ओळीत असल्या की मागच्या बाजूला तुमचा पाया फक्त पावलाएवढा उरतो आणि एका धक्क्यात तुम्ही टाचेवर येता. पुढे-मागे पाय असला की पाया दीड-दोन फुटांचा होतो.

मग कंबर खाली. इथे नव्वद टक्के पोरं फसतात, कारण ‘खाली बस’ म्हटलं की ती पाठ वाकवतात. पाठ वाकली की डोकं पुढे जातं, तोल बोटांवर येतो आणि समोरचा बाजूला सरकला की तुम्ही तोंडावर. गुडघे वाकवा, छाती वर ठेवा आणि तुमची कंबर त्याच्या कंबरेपेक्षा चार बोटं खाली न्या. खालून वर रेटलं की त्याचं वजन त्याच्या पायांवरून थोडं सुटतं आणि तुमचं जमिनीत जातं. बुटका पैलवान मोठ्याला उचलतो तो याच हिशेबाने.

आता गंमत बघा. ६ फूट ५ इंचाच्या पोराला ६ फुटाच्या पोरापेक्षा खाली जायचं असेल तर गुडघे किती तरी जास्त वाकवावे लागतात आणि तसं वाकून सेकंदामागून सेकंद राहावं लागतं. म्हणजे उंची ही मांड्यांवरची उधारी आहे. जेवढी उंची जास्त तेवढी पायांत ताकद जास्त लागते, आणि वाढीच्या वयात उंच पोरांच्या पायांत नेमकी तीच कमी असते.

हात कुठे ठेवायचा? एक हात कोपरात दुमडून, अंगालगत, तुमची छाती आणि त्याची पाठ यांच्या मधे ठेवा. कोपर दुमडलेलं आहे तोवर बहुतेक पंच बघून सोडून देतात. कोपर उघडलं, हात लांब झाला की तो धक्का झाला आणि शिट्टी वाजणार. त्याच्या पाठीवर दोन्ही पंजे ठेवायची सवय असेल तर आजच मोडा. लांबून ते फार वाईट दिसतं.

अंगाला अंग लागलेलं असू दे, पण त्याच्यावर रेलू नका. रेलायचं नाही हे ताडून बघायला सोपं आहे. जोडीदाराला सांगा, न सांगता एकदम बाजूला हो. तुम्ही पुढे पडलात तर रेललेले होता. अंग लावण्याचा खरा फायदा हा की तुमचे डोळे बॉलवर राहू शकतात. तो कुठे निघालाय हे मांडीला आणि हाताला आधी कळतं. तालमीतल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. समोरच्याच्या अंगाची पकड बदलली की त्यांना डोळे मिटूनही समजतं.

तिसरं काम : बॉल यायच्या आधी भांडून घ्या

तुमचा माणूस पलीकडून धावत येतोय. त्याला रिंगखाली भेटू नका, फ्री थ्रो लाइनच्या आसपास भेटा. तिथे त्याला एक पाऊल वाट वाकडी करायला लावली तरी तो रेघेच्या बाहेरच थांबतो. मात्र नियम लक्षात ठेवा. बॉल नसलेल्या, धावत्या खेळाडूच्या वाटेत शेवटच्या क्षणी पाय घालता येत नाही. त्याला थांबायला किंवा वळायला एक-दोन पावलांचं अंतर मिळालं पाहिजे. आधी जागेवर पोचा, दोन्ही पाय टेका, मग तो येऊन आपटला तर आपटू दे.

तो थांबला की प्रश्न येतो, मागे उभं राहायचं, बाजूला की पुढे? पोरं इथे आपल्या आवडीप्रमाणे करतात. ठरवायचं असतं ते अंगाच्या हिशेबाने.

तुम्ही त्याच्याएवढे किंवा जास्त वजनदार आहात आणि तुमची पोहोच जास्त आहे, तर मागे राहा. त्याला बॉल घेऊ द्या, पण लांब. मग त्याला तुमच्या हातांवरून टाकायचंय.

तुम्ही उंच पण हलके आहात, तर मागे राहिलात की आमच्या त्या पोरासारखे एंडलाइनवर जाल. बाजूला या. बॉल ज्या बाजूला आहे त्या बाजूचा तुमचा एक पाय आणि एक हात त्याच्या पुढे, बाकीचं अंग त्याच्या खांद्यामागे. लांब हात पासच्या वाटेत दिसला की पास देणाराच बिचकतो. बॉल विंगवरून (कोर्टाच्या बाजूवरून) कॉर्नरला (खालच्या कोपऱ्यात) गेला की तुम्हाला दुसऱ्या बाजूला जावं लागतं. तेव्हा आधी पाय त्याच्या पुढून टाका, मग अंग फिरवा. मागून फिरायला गेलात तर तेवढ्यात तो तुम्हाला पाठीवर घेऊन बसतो. उंच-हलक्यांचं टोकाचं उदाहरण म्हणजे मनूट बोल, ७ फूट ७ इंच आणि वजन जेमतेम ९० किलोच्या आसपास. १९८५-८६ च्या पहिल्याच हंगामात त्याने ३९७ ब्लॉक केले, पण अंगाने रेटणाऱ्याला एकट्याने थोपवणं त्याला जड जायचं. ताकद नसलेली उंची दुसऱ्याच्या माणसावर धावून जाऊन ब्लॉक करायला फार चांगली असते. आपला माणूस पाठीवर असताना ती अर्धीच उरते.

तुम्ही बुटके आहात पण पायांत दम आहे, तर पूर्ण पुढे या. तुमची पाठ त्याच्या छातीला, कंबर खाली, आणि त्याला मागे, रिंगच्या खाली रेटत न्या. तो जेवढा रिंगखाली जाईल तेवढी त्याच्या डोक्यावरून टाकलेल्या पासला जागा कमी. पण पलीकडच्या बाजूचा तुमचा एक साथीदार त्या उंच पासवर नजर ठेवून हवा, नाहीतर हे करू नका. “माग बघ!” असं मोठ्याने ओरडा, लाजू नका.

बुटक्यांनी मनाला लावून घेऊ नये म्हणून दोन नावं सांगतो. ह्यूस्टनचा याओ मिंग, ७ फूट ६ इंच, २००९-१० च्या हंगामात दुखापतीमुळे बाहेर होता. त्याच्या जागी सेंटरला खेळला चक हेज, ६ फूट ६ इंच. बरोबर एक फूट कमी! आणि वेस अनसेल्ड, ६ फूट ७ इंच, वजन ११० किलोच्या आसपास. १९६८-६९ मध्ये तो एनबीएत नवखा होता आणि त्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही किताब त्यालाच मिळाले.

चौथं काम : बॉल मिळाल्यावर पायांनी सोसा

सगळं करूनही बॉल मिळतोच. आता तो ढुंगणाने मागे ढकलत येणार. प्रत्येक धक्का कंबरेवर घ्या, छातीवर नको. धक्का बसायच्या आधी मागे सरकू नका. आधी सरकलात की तुम्ही जागा फुकट दिलीत. धक्का बसू दे, मग लागलीच अर्धं पाऊल मागे, पुन्हा खाली. चार धक्क्यांत त्याला एक ढांग मिळाली तर तुमचं काम चोख झालं. तेवढ्यात अटॅकचं घड्याळ (शॉट घ्यायला दिलेला वेळ) संपत येतं आणि तुमच्या मदतीला दुसरा पोचतो.

तो उजवा आहे की डावा हे पहिल्या पाच मिनिटांत बघून ठेवा. उजवे बहुतेक वेळा डाव्या खांद्यावरून वळून उजव्या हाताने हुक मारतात. त्या खांद्यावर थोडं जास्त बसा, दुसरीकडून त्याला जाऊ दे.

समोरचा तुमच्यापेक्षा वीस किलोंनी जड असेल आणि डोळे मिटून रेटत असेल तर मॅचमध्ये एकदा, फार तर दोनदा, तो पुढचा धक्का मारायच्या क्षणी गपकन मागे व्हा. तो टेकायला जातो आणि टेकायला काही नसतं. बहुतेक वेळा ट्रॅव्हल होतो (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकतो) किंवा सरळ खाली बसतो. तिसऱ्यांदा केलंत तर तो तयार असतो आणि मग मोकळी रिंग त्याची.

एक मात्र समजून घ्या, चांगल्या सेंटरला शून्यावर कुणी ठेवत नाही. २००४ च्या एनबीए फायनलमध्ये डेट्रॉइटचा बेन वॉलेस शकील ओनीलसमोर होता. वॉलेस कागदावर ६ फूट ९ इंच, ओनील ७ फूट १ इंच आणि वजनाने त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. ओनीलने त्याचे पॉइंट केलेच. पण वॉलेस बराच वेळ त्याला एकट्याने झेलत राहिल्याने बाकीच्या चौघांना आपापली माणसं सोडून धावावं लागलं नाही, आणि डेट्रॉइट ४-१ ने जिंकलं. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवीन खेळाडू निवडतात त्यात) या वॉलेसला कुणीच घेतलं नव्हतं. पुढे तोच चार वेळा वर्षातला सर्वोत्तम डिफेंडर ठरला.

पाचवं काम : उडी, पण सरळ

उंच पोरांचा इथला दोष ठरलेला. समोरच्याने बॉल नुसता वर दाखवला की ही हवेत. नियम एकच, त्याचे पाय जमिनीवरून सुटल्याशिवाय तुमचे सुटायचे नाहीत. लांब हात असलेल्याला थोडा उशीर परवडतो, हाच तर त्याचा फायदा.

तुम्ही ज्या जागेवर उभे आहात तिथून सरळ वरपर्यंतची हवा तुमची आहे. हात सरळ वर ठेवून तिथेच उडालात आणि तो येऊन तुमच्यावर आदळला तर फाऊल तुमचा नाही. हात पुढे झुकले की तुमचा. हे घोटायला भिंत पुरते. भिंतीकडे तोंड करून, भिंतीपासून चार बोटं अंतरावर उभे राहा, हात वर करून उड्या मारा. हात किंवा पोट भिंतीला घासलं की समजा तेवढं शूटरला लागलं असतं. रोज तीस उड्या. पहिल्या आठवड्यात पोरांची बोटं खरचटतात.

ब्लॉक करताना बॉल प्रेक्षकांत मारायची हौस आवरा. बॉस्टनचा बिल रसेल बॉल हळूच वर उडवायचा किंवा आपल्या माणसाकडे वळवायचा, म्हणजे ब्लॉक झाला आणि बॉलही आपला. त्याने १३ हंगामांत ११ अजिंक्यपदं मिळवली. तो खेळायचा तेव्हा एनबीएत ब्लॉकची नोंदच ठेवत नव्हते, ती १९७३-७४ पासून सुरू झाली.

मोबाइलवर एनबीए बघून शिकणाऱ्यांसाठी दोन फरक सांगतो. तिथे डिफेन्सच्या खेळाडूला कुणाला न धरता पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, म्हणून तिकडचे सेंटर सारखे आतबाहेर करताना दिसतात. आपल्याकडे फिबाचे नियम आहेत, त्यात हे बंधन नाही. आमचा एक पोरगा विनाकारण पेंटमधून बाहेर उड्या मारायचा, विचारलं तर म्हणे व्हिडिओत तसंच करतात. दुसरं, शॉट एकदा रिंगला लागला की फिबाच्या नियमात तो बॉल रिंगच्या वरून उडवून लावता येतो. एनबीएत तो रिंगवर असेपर्यंत हात लावता येत नाही. तुमची पोहोच तेवढी असेल तर हा फायदा सोडू नका. रिंगला लागायच्या आधी, खाली येणाऱ्या बॉलला मात्र दोन्हीकडे हात लावायचा नाही.

रिबाउंड

रिबाउंड म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल पकडणं. याच्यावर फार लिहीत नाही, कारण दुसरं काम नीट जमलं असेल तर हे जमतंच. शॉट गेला की बॉलकडे बघत उभे राहू नका. आधी आपल्या माणसाला अंगाने गाठा, वळा, ढुंगण त्याच्या मांडीत रुतवा, मग वर बघा. तो उडी मारू शकला नाही तर तुमची उडी एक वीत असली तरी चालते. ६ फूट ७ इंचांचा डेनिस रॉडमन १९९२ ते १९९८ सलग सात हंगाम रिबाउंडमध्ये एनबीएत पहिला होता.

वजन कुठे महाग पडतं

आता तालमीतल्या पोराची अडचण. पोस्टमध्ये त्याला कुणी हलवू शकत नव्हतं. बाहेरगावच्या एका संघाने दोन मॅचमध्ये हे ओळखलं आणि त्यांच्या सेंटरने आत यायचंच सोडलं. तो वर जाऊन गार्डसाठी (बॉल घेऊन येणाऱ्या चपळ खेळाडूसाठी) स्क्रीन लावायचा, म्हणजे गार्डला धरणाऱ्याच्या वाटेत अंग आडवं उभं करायचा. आमचा भीम स्क्रीनवर बाहेर गेला की गार्ड त्याच्या बाजूने सुसाट. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

जड सेंटरने पिक अँड रोलवर (स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळण्याच्या डावावर) गार्डच्या अंगावर धावून जाऊ नये. दोन-तीन पावलं मागे, पेंटच्या तोंडाशी राहावं, गार्ड आणि रोल करणारा दोघेही समोर दिसतील असं. गार्डला मधला लांबचा शॉट घेऊ द्यावा. ७ फूट १ इंचाचा ब्रूक लोपेझ मिलवॉकीसाठी असंच मागे राहून खेळायचा आणि २०२१ मध्ये ते अजिंक्य झाले. हलका, चपळ सेंटर असेल तर त्याने वर येऊन गार्डला अडवायला हरकत नाही. म्हणजे मघाचा हिशेब उलटला. आत जो हलका मार खातो तोच बाहेर कामाला येतो. दोन्ही जमणारे फार थोडे असतात, आणि पहिल्या वर्षी तर कुणीच नसतो.

ताकद कशी कमवायची

कोल्हापुरात ताकदीसाठी कुठे लांब जावं लागत नाही. राजर्षी शाहूंनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं, पेठापेठांत तालमी आहेत आणि जोर-बैठका कशा मारायच्या हे सांगणारा एक तरी काका प्रत्येक गल्लीत भेटतो. त्यांचं ऐका, पण थोडं गाळून.

बैठका उत्तम. मात्र शे-दोनशे उथळ बैठका घाईत मारण्यापेक्षा पंचवीस खोल आणि सावकाश मारा. खाली दोन सेकंद थांबा, कारण पोस्टमध्ये तुम्हाला खाली थांबायचंच आहे. जोर खांदे आणि पाठीसाठी. दोरावर चढायची सोय असेल तर सोडू नका. रिबाउंड दोन्ही हातांनी ओढून घेताना जी पकड लागते ती दोराने येते, आणि ओढाओढीत बॉल हातातून निसटायचा थांबतो.

तालमीत जे मिळत नाही ते ग्राउंडवर करायचं, खाली बसून आडवं सरकणं. पेंटच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, पाय एकमेकांवर न टाकता, अर्धा मिनिट. मग अर्धा मिनिट विश्रांती. सहा वेळा. डोकं वरखाली होता कामा नये.

आणि जोडी लावून रेघेचा खेळ. एकाने पाठ लावून आठ सेकंद रेटायचं, दुसऱ्याने रेघेच्या आत जाऊ द्यायचं नाही. हात वापरायचे नाहीत, दोन्ही हात आपल्याच पाठीमागे धरायचे. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी दहा वेळा. जोडीदार पाच-दहा किलोंनी जड असला तर बरं, त्याहून जास्त नको.

खुराकाबद्दल एवढंच सांगतो की दूधकट्ट्यावरचा पेला वाईट नाही, पण महिन्यात आठ किलो वाढवायच्या नादाला लागू नका. ते वजन पायांना वागवता येत नाही आणि आपली ग्राउंडं सिमेंटची आहेत. वाढत्या वयातल्या पोराला गुडघ्याच्या वाटीखाली सारखं दुखत असेल तर बाम चोळून खेळवू नका, डॉक्टरांना दाखवा. जूनपासून सिमेंट ओलं राहतं, शेवाळ धरतं. तेव्हा रेटारेटी बंद. शेडमध्ये भिंतीला पाठ लावून बसा, भिंतीसमोर उड्या मारा, बैठका वाढवा.

फाऊलचा हिशेब

पाच फाऊलला तुम्ही बाहेर. रेटारेटी करणाऱ्याचे दोन फाऊल तर पहिल्या हाफमध्येच लागतात. म्हणून ते कशावर खर्च करायचे हे ठरवून ठेवा. रेघेच्या आत, दोन्ही हातांत बॉल असलेल्या माणसाला घट्ट धरून केलेला फाऊल समजू शकतो. मधल्या रेषेजवळ, रिबाउंड गेल्यावर मागून हात घालून केलेला फाऊल म्हणजे खिसा फाटका. पंच पहिल्या पाच मिनिटांत किती सोसतात ते बघा आणि त्याप्रमाणे अंग लावा. एखादा पंच हात लागला की वाजवतो, तिथे दोन्ही हात वर आणि फक्त छाती-मांड्या. वाद घालून त्याचं मत बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तो ६ फूट ३ इंचाचा पोरगा आता ७३ किलोचा आहे. परवा तालमीतल्याने त्याला पुन्हा पाठ लावली. पाच धक्के मारले, रेघेवर येऊन अडकला आणि वैतागून तिथूनच हुक मारला. उंच पोरगा सरळ उडाला, बॉल त्याच्या बोटांना लागला, आणि मग उगाच हात पुढे आणून त्याने मनगटावर मारलंच. मी शिट्टी वाजवली. त्याला उद्या पुन्हा भिंतीसमोर तीस उड्या आहेत.